गाव कुठलं तुमचं?

मालाड (पूर्व),
८ जानेवारी १९८६

ती. दादास,

चंपाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्रात खुशाली आधी लिहायची असते म्हणून लिहिते, आम्ही सगळे बरे आहोत. कमल परवा संध्याकाळी कपड्यांची पिशवी घेऊन आली. ती राहायला आली आहे हे ना तू कळवलंस, ना तिनं सांगितलं. तिनं उशी मागितली तेव्हा मला कळलं. तू भरपूर बोलून काही सांगत नाहीस आणि ती न बोलता काही सांगत नाही. बापलेकीचं एवढं मात्र जमतं.

आता रविवारचं. मी तिथेच बसले होते, त्यामुळे मला दुसरं काही सांगू नकोस. सोयरीक मी जुळवली होती. चंद्रप्रकाश ट्रॉम्बेला टेक्निशियन, आपल्याच समाजातला, सरळ मुलगा. दोघं माझ्याकडे दोनदा भेटली, एकमेकांना आवडली. राहिलं होतं फक्त वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून चहा पिणं. तेवढ्यासाठी सीतारामभाऊ आणि मालनताई कांजूरमार्गहून घाटकोपरला तुझ्या घरी आले. भाऊ खुर्चीच्या टोकावर बसले. रुमालानं तोंड पुसलं, बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडले, आणि तुला विचारलं की गाव कुठलं तुमचं.

बस, एवढंच विचारलं रे. आणि तू उभा राहिलास.

घरात माणूस बसून बोलतो, दादा. तू खुर्चीची पाठ धरलीस, घसा साफ केलास, आणि मला कळलं की आता वाट लागली. दीक्षा घेऊन तीस वर्षं झाली तरी आपली माणसं लग्नाआधी पोटजात कशी हुंगतात इथून तू निघालास, आणि फ्रान्सच्या राज्यक्रांतीवरून परत आलास तोवर चहावर साय धरली होती. कमल ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी होती. मालनताईंनी डोक्यावर पदर घेतला. आणि शेवटी तू थांबलास ना, तेव्हा टाळ्यांची वाट बघितलीस. नाही म्हणू नकोस, मी बघितलं.

काल त्यांचा निरोप आला. तुम्ही मोठी, शिकलेली माणसं, आमच्याशी कशी जमणार, असं मालनताई म्हणाल्या. सीतारामभाऊंना वाटतंय की आपल्या हातून काहीतरी पाप घडलं. महिनाभर थांबतील, मग दुसरीकडे बघतील. कमल म्हणते की लग्न केलं तर चंद्रप्रकाशशीच. आणि अण्णा जोवर कांजूरला जाऊन त्याच्या वडिलांशी नीट बोलत नाहीत तोवर ती घाटकोपरला पाऊल टाकणार नाही. नीट बोलणं म्हणजे भाषण नव्हे, हे मला वेगळं सांगायला तिनं बजावलं आहे.

राग आला तर माझ्यावर काढ. तुझ्या मायेतला माझा वाटा मात्र कापू नकोस.

तुझी बहीण,
चंपा

*

पंतनगर, घाटकोपर,
१२ जानेवारी १९८६

चि. सौ. चंपास,

शिवदासचे अनेक आशीर्वाद व जय भीम.

तुझं पत्र वाचलं. फ्रान्सची राज्यक्रांती मी काढली नव्हती, तो फक्त ओझरता उल्लेख होता. बाकी तू लिहिलंस ते खरं आहे, आणि मी बोललो त्यातल्या एका शब्दाचाही मला पश्चात्ताप नाही.

गाव कुठलं, हा साधा प्रश्न आहे असं तुला वाटतं? या देशात तो कधीच साधा नव्हता. आधी गाव विचारतात, मग आळी विचारतात, मग आडनाव, आणि तोवर समोरच्याचा चेहरा बदललेला असतो. १९५४ साली मुलुंडला खोली बघायला गेलो होतो. हातगाडीवर ट्रंक आणि वळकटी, शेजारी शकु. घरमालकीण बाई चांगली होती, तिनं आधी पाणी दिलं. मग गाव विचारलं. मी सांगितलं. गावात कुठल्या बाजूला, म्हणाली. तेही सांगितलं. तेवढ्यात तिला आठवलं की खोली पुतण्याला द्यायची आहे. आम्ही प्यालेला ग्लास तिनं आत नेला नाही, पायरीखाली मातीत ठेवला. त्या दिवसापासून मी या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही, आणि देणार नाही. विचारणारा परका असो की आपला. आपल्यांनी विचारलं तर मुळीच नाही, कारण ज्या आजारातून आपण उठलो तोच आजार आपल्या पोराबाळांना देण्याचा कुणालाही अधिकार नाही. माझी मुलगी बिनलग्नाची राहिली तरी चालेल, असं मी त्या दिवशी म्हणालो नाही, पण म्हणालो असतो.

हे लिहिलं आणि थकलो. हल्ली असंच होतं. मागच्या महिन्यात परिनिर्वाण दिनाच्या सभेला गेलो. समोर खुर्च्या होत्या, माणसं नव्हती. आपले गट आता इतके झाले आहेत की प्रत्येकाचा मंच वेगळा, बॅनर वेगळा. खुर्च्या मांडणारा तेवढा सगळ्यांचा एकच आहे. तो मला म्हणाला की गुरुजी, आवरा लवकर, पुढच्या गटाला साडेआठला द्यायच्या आहेत. शाळेत होतो तेव्हा निदान पोरांना उठून जाता येत नव्हतं.

तू म्हणतेस, नीट बोलावं. मी इतकं वाचलं, पण ही तुमची विद्या मला कुठे सापडली नाही. साखर मिळाली का, नळाला पाणी किती वाजता येतं, धाकटी कुठे दिली, यात विचार कुठे असतो? काहीच म्हणायचं नसताना दोन माणसं तासभर कशी बोलू शकतात? शकु असताना आमची वाटणी होती. घरी आलेल्या माणसाशी बोलायचं तिनं, आणि बाहेर भाषण करायचं मी. ती गेली आणि अर्धं काम तसंच पडून राहिलं.

कमलला पत्र लिहायला तीनदा बसलो. तिन्ही वेळा दुसऱ्या ओळीत इतिहास आला. फाडून टाकली. तिचा स्वेटर इथे खुंटीला राहिला आहे. मालाडला थंडी पडते का?

वाद घालणारी का होईना, एक बहीण आहे. तेवढं असू दे.

तुझा,
शिवदास

*

मालाड (पूर्व),
१८ जानेवारी १९८६

ती. दादास,

चंपाचा जय भीम. पत्र पोचलं. मालाडला थंडी पडते. स्वेटर कुणाबरोबर पाठवू नकोस, तिचा तिला न्यायला येऊ दे.

मुलुंडची गोष्ट मला पाठ आहे. तू ती किती सभांत सांगितलीस! लोकांच्या डोळ्यांत पाणी आणलंस. वहिनीनं मला ती एकदाच सांगितली, भांडी घासता घासता. तिला तेव्हा दिवस गेले होते आणि पाय सुजले होते. ती म्हणाली की ग्लास कुठे ठेवला ते मी बघितलंच नाही, मी बघत होते कुठे टेकता येईल. पुढे ते मूल राहिलं नाही. हे तुझ्या गोष्टीत कधी आलं नाही, कारण तू तिला विचारलं नव्हतंस. तुझ्या भाषणात ग्लास आहे, दादा, वहिनी नाही.

मनाला लावून घेऊ नकोस. प्रश्न वाईट आहे हे मला मान्य आहे. मी पण तो सोसला आहे. पण विचारणारं तोंड कुणाचं, ते तरी बघशील?

मी मालनताईंकडे जाऊन आले. सीतारामभाऊंचा जन्म गेला गिरणीत, साचेखात्यात. तिथं मागांच्या खडखडाटात शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, सगळं हातवाऱ्यांनी. घरी यायचे तेव्हा कान सुन्न, जेवून झोपायचे. गिरणी बंद झाल्यापासून घरात आहेत, आणि आता माणसांशी बोलायचं कसं तेच त्यांना येत नाही. त्यांना एवढा एकच प्रश्न येतो. मालनताई हसून हसून सांगत होत्या, कंडक्टरला विचारतात, दातांच्या डॉक्टरला विचारतात, ट्रॉम्बेचा मोठा साहेब पोराला सोडायला आला तर गाडीच्या खिडकीत वाकून त्यालाही विचारलं. पोटजात हुंगायला नाही रे. भीतीनं विचारतात. गप्प बसलं तर समोरचा उठून जाईल म्हणून. आता तुझ्याकडून आल्यापासून तेही विचारत नाहीत. गॅलरीत बसून असतात.

तू म्हणतोस ही विद्या पुस्तकात नाही. तुझ्या घरातच होती. वहिनी माणूस आला की मेथी निवडायला घ्यायची, निम्मी जुडी त्याच्यापुढे ठेवायची. हाताला काम असलं की तोंडावरचा ताण जातो, आणि कुणी आपल्याकडे टक लावून बघत नाही. ज्याचं उत्तर समोरच्याला नक्की येतं असंच ती विचारायची. त्यानं दोन वाक्यं सांगितली की म्हणायची, मग? तेवढंच. त्यानं आपलं दुखणं काढलं तर वर आपलं मोठं दुखणं ठेवायची नाही. यात विचार कुठे असतो, विचारतोस? सगळा तोच असतो.

आणखी एक. कमलचं काहीतरी बिनसलं आहे, आणि ते तुझ्यामुळे नाही, किंवा फक्त तुझ्यामुळे नाही. ऑफिसातून डबा तसाच परत आणते. आधी मैत्रिणींबरोबर जेवायची. मी विचारलं तर म्हणाली की काही नाही गं आत्या. मग अण्णांना सांग म्हटलं, तर म्हणाली, ते त्याचा विषय करतील.

त्यांच्या महिन्यातले अकरा दिवस गेले. कांजूर घाटकोपरपासून किती लांब आहे?

उत्तरात भाषण पाठवलंस तरी वाचीन. काय करणार, भाऊ आहेस.

तुझी,
चंपा

*

पंतनगर, घाटकोपर,
२७ जानेवारी १९८६

चि. सौ. चंपास,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला चार दिवस उत्तर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. मुलुंडला पायरी होती. मी शकुला, टेक गं जरा, असं म्हणायला हवं होतं. तेवढंच.

काल सव्वीस जानेवारी. विक्रोळीच्या मंडळानं झेंड्याला बोलावलं होतं. मी नाही म्हणालो. असं पहिल्यांदाच. सेक्रेटरीनं प्रकृती विचारली. घाटकोपरच्या बाजारातून किलोभर मटार घेतला आणि कांजूरला गेलो.

मला दारात बघून सीतारामभाऊ उभे राहिले, इन्स्पेक्टर वर्गात आल्यावर मी उभा राहायचो तसे. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसांना कुणापुढे उभं राहावं लागू नये म्हणून मी जन्मभर ओरडलो, त्यांतला एक माझ्यापुढे उभा होता. मी खाली सतरंजीवर बसलो, पेपर पसरला आणि मटार ओतला. मालनताई बघतच राहिल्या. पाहुणा शेंगा घेऊन आला आणि स्वतःच सोलायला बसला, असं त्यांच्या घरी काय, कुणाच्याच घरी झालं नसेल. सीतारामभाऊ माझ्यासमोर बसले. आम्ही सोलू लागलो.

मी त्यांच्या प्रश्नाची वाट बघत होतो. या वेळी उत्तर द्यायचं असं ठरवून गेलो होतो. पण प्रश्न येईना. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं. तेव्हा लक्षात आलं की त्या माणसाकडे शब्दांची एकच पुंजी होती आणि ती मी काढून घेतली होती. मग मलाच विचारावं लागलं. चंपा, जे शब्द मी आयुष्यभर शिवीसारखे ऐकले ते माझ्या तोंडातून बाहेर पडताना जीभ अडखळली. मी म्हणालो, गाव कुठलं तुमचं?

ते म्हणाले, आता नाही. धरणात गेलं.

तू सांगितलं होतंस ते आठवून मी म्हणालो, मग?

त्यांनी सोललेल्या शेंगांची सालं पेपरावर मांडायला सुरुवात केली. ही नदी. हे वरचं गाव, हे देऊळ, ही पाटलाची विहीर. आणि इकडं खाली, नदीच्या अंगाला, आम्ही. एकेक साल ठेवत त्यांनी सगळी वस्ती उभी केली. कुणाचं घर, कुणाची चिंच, कुणाची आंधळी आजी. मालनताई चूल सोडून येऊन बसल्या. पुढे म्हणाल्या की इतकी वर्षं झाली, मला हे कधी सांगितलं नव्हतं. सीतारामभाऊ सांगत होते की धरणाची भिंत झाली, पाणी चढायला लागलं. आणि अगदी साधेपणानं म्हणाले की आमची वस्ती खाली ना, पाणी आधी आमच्याकडं आलं.

चंपा, या एका वाक्यावर मी मैदान पेटवलं असतं. भाषण आतून उसळून आलं, शब्द तयार, हात उचलला जात होता. पाण्यालासुद्धा आमचाच पत्ता आधी सापडतो, असं म्हणणार होतो. मूठभर मटार तोंडात टाकला. गिळून झाल्यावर म्हणालो, मग?

मग त्यांच्या आईनं जात्याशिवाय निघायचं नाही म्हणून हट्ट धरला. गुडघाभर पाण्यातून वडिलांनी एक पाळ खांद्यावर आणली. दुसरी परत जाऊन आणायची होती, ती राहिली. ती एक पाळ आजही त्यांच्या खाटेखाली आहे. दळायच्या कामाची नाही, टाकवतही नाही. मला हात लावायला लावला.

निघताना ते स्टेशनपर्यंत सोडायला आले. काही विचारलं नाही. पुलाच्या पायरीशी मीच माझ्या गावाचं नाव सांगितलं. कितीतरी वर्षांनी ते माझ्या कानावर माझ्याच आवाजात पडलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं की विहीर होती का. मी म्हणालो, होती, आमची नव्हती. ते हसायला लागले. मीही हसलो. येणारे-जाणारे दोन म्हाताऱ्यांकडे बघत होते.

लग्नाचं बोलायचं राहूनच गेलं. दारातून निघताना मालनताई ओझरतं म्हणाल्या की वैशाखात बरं पडेल का. मी म्हणालो, कमलला विचारा.

घरी आलो आणि दुपारभर झोपलो. तीन तासांच्या सभेनं मी कधी इतका दमलो नव्हतो. आणि हे लिहून ठेव, पोटजातीबद्दल मी जे बोललो त्यातलं एक वाक्यही मागे घेतलेलं नाही. फक्त ते त्या माणसाला सांगायची गरज नव्हती.

हे पत्र कमलला वाचून दाखव, किंवा नको. तुला वाटेल तसं कर. तुझी माया मला उशिरा कळते, पण कळते.

तुझा,
शिवदास

*

मालाड (पूर्व),
३१ जानेवारी १९८६

ती. अण्णांस,

कमलचा सप्रेम जय भीम. वि. वि.

आत्यानं पत्र मोठ्यानं वाचलं. मटारच्या जागी ती इतकी हसली की पुढचं मला वाचावं लागलं. चंद्रप्रकाश काल भेटला. त्याच्या घरी तो पेपर अजून कुणी उचललेला नाही. सालं सुकून वळली आहेत, आणि त्याचे वडील येईल त्याला ही नदी, ही चिंच असं दाखवत बसतात. लग्न वैशाखात करू. माझी एकच अट आहे. लग्नात तुम्ही माइक हातात घ्यायचा नाही. तुमच्या भाषणापायी किती लग्नांत लोकांनी थंड भात खाल्ला आहे! माझ्या लग्नात दारात उभं राहा आणि येणाऱ्याला, जेवून जा, एवढंच म्हणा.

आता जे लिहायचं ते लिहिते. समोर बसून सांगता येणार नाही.

दिवाळीनंतर ऑफिसात नव्या बायका बदलून आल्या. डबा खाताना एकीनं मला विचारलं, गाव कुठलं गं तुझं. आपल्या आडनावावरून काही कळत नाही. आणि मी आत्याच्या शेजारच्या लताचं कोकणातलं गाव सांगितलं. का, ते मला माहीत नाही. तोंडातून निघून गेलं. मग तिथली जत्रा कधी असते, कुठली वाडी, सगळं मला रचून सांगावं लागलं. आत्याकडे आले की संध्याकाळी लताकडे बसून मी तिच्या गावची माहिती विचारायचे. तिला वाटायचं, मला किती आवड आहे. संक्रांतीला ऑफिसातल्या त्या बायकांनी घरी हळदीकुंकवाला बोलावलं. आणि अण्णा, मी गेले. स्टीलची वाटी वाण मिळालं. ती आत्याच्या फळीवर डब्यांच्या मागे ठेवली आहे. त्या दिवसापासून त्यांच्यात बसून घास उतरत नाही. माझं उठून जाणं त्यांना समजत नाही, त्या आपल्या चांगल्याच वागतात. तेच जास्त लागतं.

मी शिवदास गुरुजींची मुलगी. मुलुंडचा ग्लास ऐकत मोठी झाले. कुणी अडवलं नव्हतं, कुणी हाकललं नव्हतं, आणि मी स्वतःहूनच पायरीखाली जाऊन बसले. हे तुम्हाला कसं सांगणार होते? तुम्ही उभे राहिला असता. तुमचं सगळं बरोबर असतं, आणि मला त्याखाली श्वास घेता आला नसता. चंद्रप्रकाशला मात्र सांगू शकले. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. म्हणून लग्न त्याच्याशी.

सोमवारी ऑफिसात खरं गाव सांगायचं असं ठरवते, दर रविवारी ठरवते. अजून झालेलं नाही.

पुढच्या रविवारी, नऊ तारखेला संध्याकाळी, घरी येते. तुम्ही मला काही समजावून सांगू नका. मी अजून सगळं सांगितलेलं नाही.

स्वेटर खुंटीवरच असू द्या. तुमच्या आशीर्वादाची आस आहे, उपदेशाची नंतर.

तुमची,
कमल

*

(पोस्टकार्ड)

पंतनगर, घाटकोपर,
४ फेब्रुवारी १९८६

चि. कमल,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं.

मग?

रविवारी येताना ती वाटी घेऊन ये. मटार आणून ठेवतो. दाणे टाकायला लागेल.

अण्णा